नदीकाठावर एकाच वेळी ४ ड्रोन : उंचीचे थर पाडले की टक्कर टळते का?

वारेमाप (प्रश्न)

पुण्यात नदीकाठच्या साधारण दीड किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच सकाळी ४ ड्रोन उडणार आहेत. २ मॅपिंगचे (आर्डूपायलट या खुल्या उड्डाण-सॉफ्टवेअरवर चालणारे, सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा देणाऱ्या आरटीकेसह), १ पुलाच्या तपासणीचा आणि १ बाजारातला तयार कॅमेरा ड्रोन, व्हिडिओसाठी. टीम तीन, एकमेकांच्या ओळखीच्या नाहीत. परवानग्या, यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक), पायलटची प्रमाणपत्रं सगळं झालंय, तो प्रश्न नाही. सगळे नजरेच्या टप्प्यातच उडणार, कमाल उंची १२० मीटर.

आराखडा असा: पूल ३० मीटर, व्हिडिओ ५०, मॅपिंग ८० आणि १००. म्हणजे कोणत्याही दोघांत किमान २० मीटर. मॅपिंगवाले नदीपात्रातून उडतील, व्हिडिओवाले काठावरच्या १२ मजली इमारतीच्या गच्चीवरून, कारण तिथून सगळा पट्टा दिसतो.

विचारायचंय हे: एवढे थर पुरेत का? ड्रोननी एकमेकांना आपोआप चुकवावं म्हणून एडीएस-बी (विमानं आपली जागा रेडिओवर जाहीर करतात ती यंत्रणा) किंवा रिमोट आयडीचं (ड्रोनने आपली ओळख आणि जागा जाहीर करणं) काही बसवावं का? कॅमेरा ड्रोनला चहूबाजूंनी अडथळा ओळखणारे सेन्सर आहेत, त्यावर किती विसंबावं?

शून्यबिंदू

तुमचा आराखडा गच्चीवर फसतो. आकडे मांडून बघा.

पायलटच्या स्क्रीनवर दिसणारी उंची ही त्याच्या ड्रोनने जिथून उड्डाण केलं त्या जागेपासूनची असते. १२ मजले म्हणजे मजल्याला ३ मीटर धरून ३६ मीटर. रस्ता नदीपात्रापेक्षा ८ मीटर वर असेल तर गच्ची पात्रापासून ४४ मीटरवर. व्हिडिओवाल्याच्या स्क्रीनवर ५० म्हणजे पात्रापासून ९४. पात्रातून उडालेला तुमचा वरचा मॅपिंग ड्रोन १०० वर. कागदावर ५० मीटरचं अंतर, हवेत ६. आणि दोन्ही पायलट शपथेवर सांगतील की आम्ही आमच्याच थरात होतो. खरंच असतील.

तेव्हा पहिलं काम: सगळ्यांचा शून्य एक करा. पात्राजवळची एक पक्की सपाट जागा ठरवा, खडूने खूण करा. चारही ड्रोन एकेक करून तिथे ठेवा, उपग्रह लागेपर्यंत थांबा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची कोण किती दाखवतोय ते लिहून घ्या. तयार ड्रोनच्या ॲपमध्ये ती सरळ दिसत नाही, तेव्हा त्याच्यापुरती उड्डाणाच्या जागेची उंची आरटीके रोव्हरने मोजा. मग प्रत्येक पॅडचा, म्हणजे उड्डाणाच्या जागेचा, त्या खुणेपासूनचा फरक काढा आणि तक्त्यात प्रत्येक टीमला तिच्या स्क्रीनवर दिसायला हवा तोच आकडा द्या. वजाबाकी पायलटवर सोपवू नका. गच्चीवाल्याला «५०» म्हणायचं असेल तर त्याच्या कागदावर «६» लिहिलेलं असलं पाहिजे. ते ६ बघून तोच म्हणेल की मी खालूनच उडतो.

आरटीकेवाल्यांसाठी एक खड्डा. उंची लंबगोलावरची (उपग्रह-यंत्रणा पृथ्वीचा जो गणिती आकार धरते त्यापासूनची) आहे की समुद्रसपाटीची, हे सेटिंगमध्ये तपासा. आपल्या भागात या दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो. ५६० मीटरवरची जागा ४९५ च्या आसपास दिसली तर यंत्र बिघडलेलं नाही, संदर्भ वेगळा आहे. दोन मॅपिंग ड्रोनपैकी एकात एक आणि दुसऱ्यात दुसरा संदर्भ असेल, तर तुमच्या थरांचा उपयोग शून्य.

मॅपिंगच्या मिशनमध्ये (आधी आखून दिलेल्या उड्डाणात) «भूरूपानुसार उंची» चालू असेल तर तीही बघा. पात्रातून काठावर येताना ड्रोन तेवढाच वर चढतो आणि आपला थर सोडतो.

चौपंखी

शून्यबिंदू यांच्याशी सहमत. त्यात हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या बॅरोमीटरची भर घालतो.

पुण्याच्या उंचीवर दाबातला १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीतले सुमारे ९ मीटर. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वात जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वात कमी असतो, फरक ३ हेक्टोपास्कलच्या आसपास. २५ मिनिटांच्या उड्डाणात यातून २-३ मीटरच सरकतात, शिवाय दर उड्डाणाला शून्य नव्याने घेतला जातो, म्हणून बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पण दोरीने बांधलेला, तासन्‌तास वर राहणारा ड्रोन फक्त बॅरोमीटरवर उंची धरत असेल तर तो दुपारपर्यंत पंचवीसेक मीटर खाली आलेला असतो. दाब उतरला की त्याला वाटतं आपण वर चढलो, म्हणून तो इमानदारीत खाली येतो. गर्दीवर नजर ठेवणारा असा एखादा त्याच पट्ट्यात नाही ना, विचारून घ्या.

यातून एक उलटी गोष्ट निघते. सगळे बॅरोमीटरवर असतील तर चूक सगळ्यांची एकाच दिशेने होते आणि आपसातलं अंतर टिकतं. विमानं दाबाची उंची वापरतात ती याच कारणाने. दोघे बॅरोमीटरवर, दोघे जीएनएसएसवर (उपग्रहांवरून मिळणाऱ्या उंचीवर) ही खिचडी सर्वात वाईट. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचा सिग्नल काचेवरून परतून येतो, तिथे आरटीके नसलेल्या ड्रोनची उभी चूक ८-१० मीटरही होते.

दोन ड्रोनच्या चुका, ब्रेक मारताना वरखाली होणं, वाऱ्याचा झोत आणि वरच्या ड्रोनच्या पंख्यांचा खालच्यावर पडणारा वारा, एवढं धरलं की २० मीटर मला कमी वाटतात. ३० ठेवा. मग १२० च्या छताखाली, वर १५ मीटरची फट आणि खाली झाडं-तारांची जागा सोडून, ४५, ७५, १०५ असे तीनच थर बसतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन (आधी परवानगी न लागणारी हद्द) ६० मीटरपर्यंतच आहे, तिथे तर एकच थर. म्हणजे चार ड्रोन निव्वळ थरांवर बसतच नाहीत. जागा नाहीतर वेळ वाटावीच लागते.

घारींना यातला कुठलाच थर मान्य नसतो, ते वेगळं.

मंदगती

सेन्सरवर विसंबू नका, असं नुसतं म्हणण्यापेक्षा हिशेब देतो.

दोन ड्रोन समोरासमोर, प्रत्येकी सेकंदाला १५ मीटर. जवळ येण्याचा वेग ३० मीटर. सेकंदाला ४ मीटर या दराने वेग कमी होतो असं धरलं, तर थांबायला प्रत्येकाला २८ मीटर आणि पावणेचार सेकंद लागतात. दोघांचे मिळून ५६. समोरचा दिसणं, ओळखणं, संदेश पोचणं आणि ब्रेक लागणं यात २ सेकंद गेले तर आणखी ६०. वर दोघांच्या जागेची चूक १० मीटर. थोडक्यात १२५ ते १३० मीटरवरून एकमेकांची खबर लागायला हवी.

आता कॅमेरा. ९० अंशांचा, ६४० पिक्सेल रुंद. ३५ सेंटिमीटरचा ड्रोन ५० मीटरवर ०.४ अंशाचा दिसतो, म्हणजे जेमतेम ३ पिक्सेल. त्या सेन्सरची रचना भिंत, झाड अशा मोठ्या, पोत असलेल्या गोष्टींसाठी आहे. ३ पिक्सेलचा हलता ठिपका त्याच्या लेखी आभाळच. ओळख पटेपर्यंत ड्रोन १०-१५ मीटरवर आलेला असतो, म्हणजे वरच्या हिशेबात अर्धा सेकंद.

म्हणून सर्वात स्वस्त उपाय वेगाचा. एकत्र उडताना सगळ्यांनी सेकंदाला ८ मीटरची मर्यादा घातली तर ब्रेकचं अंतर २८ वरून ८ वर येतं, कारण ते वेगाच्या वर्गाने घटतं. मॅपिंगवाले बॅटरीचं रडगाणं गातील. गाऊ द्या.

वारेमाप

गच्चीचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. मग चौघांनीही पात्रातल्या एकाच जागेवरून उडायचं का? आणि मॅपिंगच्या दोन्ही ड्रोनवर आर्डूपायलटची आपोआप टक्कर टाळण्याची सोय आहे, ती चालू केली तर?

पुन्हा_घरी

एकाच पातळीवरून, हो. एकाच जागेवरून, अजिबात नको. एरवी नीट थर पाळून उडणारे ड्रोन एकमेकांजवळ येतात ते घरी परतताना.

«परत ये»ची उंची प्रत्येक यंत्रात आधीच भरलेली असते. आर्डूपायलट कॉप्टरमध्ये (बहुपंखी ड्रोनसाठीच्या आवृत्तीत) ती १५ मीटर: त्याहून खाली असेल तर ड्रोन १५ वर चढतो, वर असेल तर आहे त्या उंचीवरून परततो. तयार कॅमेरा ड्रोनमध्ये ती ॲपमधून भरतात आणि शेवटच्या कामाची तशीच राहून जाते. समजा मागच्या वेळी उंच इमारतींसाठी १०० ठेवली होती. आता ५० वर उडताना त्याचा सिग्नल तुटला की तो सरळ ५० वरून १०० वर चढणार, ८० च्या थराला भोक पाडून. पायलटच्या हातात तेव्हा काहीच नसतं, सिग्नल तुटलाय म्हणूनच तर तो चढतोय.

तेव्हा आधी परतीच्या उंच्या ठरवा, कामाचे थर त्यावर बसवा. परतीची उंची ही त्या ड्रोनच्या थराचीच असावी आणि त्या उंचीवर घरापर्यंतच्या सरळ रेषेत काही उभं नसावं. पुलाच्या ड्रोनचं पॅड पुलाला लागूनच ठेवा, म्हणजे तो खालच्या खाली परततो. चारही पॅड एकाच पातळीवर, पण एकमेकांपासून किमान ६० मीटर. प्रत्येक पॅडवर ३० मीटर त्रिज्येची उभी विहीर मोकळी सोडायची. चढणं-उतरणं फक्त आपल्या विहिरीतून, दुसऱ्याच्या विहिरीवरून कोणीही, कोणत्याही थरात जायचं नाही. १०० वरचा ड्रोन उतरताना खालचे सगळे थर ओलांडतो, हे थरांच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

कुंपणाचीही तीच गंमत. मॅपिंगच्या क्षेत्राला बहुभुज कुंपण (ओलांडू नये अशी सॉफ्टवेअरमधली सीमा) घातलं आणि ओलांडल्यावरची कृती «परत ये» ठेवली, तर ड्रोन सरळ रेषेत घरी निघतो. नदीला वळण असतं, म्हणून क्षेत्र एल आकाराचं होतं आणि ती सरळ रेषा शेजाऱ्याच्या क्षेत्रातून जाते. प्रत्येक क्षेत्र असं आखा की त्यातल्या कुठल्याही बिंदूपासून घरापर्यंतची रेषा त्याच क्षेत्रात राहील. जमत नसेल तर कुंपण ओलांडल्यावर «जागीच थांब» ठेवा.

चौघांनी एकदम उडू नका. एकदम उडाले की बॅटऱ्या एकदम संपतात आणि चौघे एकाच मिनिटाला परततात. ५-५ मिनिटांचं अंतर ठेवा.

राहिली आपोआप टाळण्याची सोय. ती ड्रोन-ड्रोनसाठी चालू करण्याआधी सिस्टम आयडी (जाळ्यात ड्रोन ओळखायचा क्रमांक) बदला. आर्डूपायलटमध्ये तो मूळचा १ असतो, तुमच्या दोन्ही ड्रोनचा १ असणार. एकाच जाळ्यात दोन १ आले की जमिनीवरच्या स्क्रीनवर एकच ड्रोन इकडून तिकडे उड्या मारताना दिसतो आणि एकाला दिलेला हुकूम दोघे घेऊ शकतात. त्याहून वाईट म्हणजे टाळण्याचा कोड स्वतःच्या आयडीवरून आलेली जागा सोडूनच देतो. स्वतःचा अडथळा स्वतःला कसा होणार? समोरून येणारा त्याला «मीच» वाटतो. ११ आणि १२ देऊन टाका. टेलिमेट्री रेडिओचा (ड्रोनची माहिती जमिनीवर आणणाऱ्या रेडिओचा) नेट आयडी, म्हणजे जाळ्याचा क्रमांकही बघा, बहुतेक संच २५ वर येतात आणि शेजारी दोन संच २५ वर असले की दोन्ही अडखळतात. रेडिओ अमेरिकी ९१५ वाला असेल तर तो आपल्याकडे चालत नाही, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा घ्या.

मंदगती

कॉप्टरमध्ये त्या सोयीचं अंतर मुळात १०० मीटर असतं. माझ्या वरच्या हिशेबाने १३० हवेत. वाढवायला हवं.

पुन्हा_घरी

नाही, तो आकडा वेगळा आहे. समोरचा किती लांबून दिसतो याची ती मर्यादा नाही. दोघे आहेत त्याच वेगाने, त्याच दिशेने गेले तर पुढच्या ३० सेकंदांत किती जवळ येतील, ते १०० मीटरच्या आत येत असेल तर धोका, असा तो हिशेब आहे. हेलिकॉप्टरसाठी हे ठीक, सेकंदाला ६० मीटरने ते १८०० मीटरवर असतानाच कळतं.

मॅपिंगला मात्र याचा त्रासच जास्त. नांगरटीसारख्या समांतर रेषा, २०० मीटरची रेषा १० च्या वेगाने २० सेकंदांत संपते आणि ड्रोन वळतो. कोड मात्र वळणापलीकडे सरळ रेषा ओढून बसतो आणि शेजारच्या क्षेत्रातल्या ड्रोनशी टक्कर होणार म्हणून दर दोन मिनिटांनी मिशन तोडतो. तिसऱ्यांदा असं झालं की पायलट ती सोय बंद करतो. तुमच्या कामाला वेळ १० सेकंद आणि अंतर ४० मीटर ठेवून बघा. कृती «फक्त कळव» किंवा «थांब».

«वर-खाली जा» ही कृती नको. त्यात जो वर तो आणखी वर चढतो, जो खाली तो उतरतो. ऐकायला छान. पण दोघांत खरा फरक २ मीटरचा आणि उंचीतली चूक ५ मीटरची असली की दोघांनाही वाटू शकतं «मीच वर», आणि दोघेही चढतात. मोठ्या विमानांच्या टक्करविरोधी यंत्रणेत दोन्ही यंत्रं आधी आपसात ठरवतात, तू वर, मी खाली. इथे ती बोलणी नाहीत. उजवीकडे वळायचा विमानांचा नियमही शहरात अडतो, उजवीकडे बहुधा इमारत असते.

आकाशवाट

रिमोट आयडीबद्दल. अमेरिकेत मार्च २०२४ पासून त्याची सक्तीने अंमलबजावणी आहे. ब्लूटूथ किंवा वायफायवरून सेकंदाला एकदा ड्रोनची ओळख, जागा, वेग जाहीर होतो. आर्डूपायलटला ईएसपी३२ चिपचं छोटं मॉड्यूल जोडून हे करता येतं आणि अँड्रॉइड फोनवर दिसतं. समन्वयकाला चारही ठिपके एका नकाशावर दिसतात, इतपत उपयोग नक्की. पण शहरात २.४ गिगाहर्ट्झवर एवढी गर्दी असते की मधले संदेश गळतात. त्यातली जीएनएसएस उंची लंबगोलावरची असते, म्हणजे शून्यबिंदूंचा खड्डा पुन्हा आलाच. हुकूम देण्यासाठी वापरू नका, बघण्यासाठी वापरा.

एडीएस-बीचा रिसीव्हर जरूर लावा, तो हेलिकॉप्टरसाठी. माणूस असलेल्या विमानाला वाट देणं ड्रोनला बंधनकारकच आहे. पण यंत्र गप्प आहे म्हणजे आकाश मोकळं आहे असं समजू नका, सगळ्यांकडे ट्रान्समीटर नसतो. ड्रोनवर मात्र ट्रान्समीटर लावायचा नाही. शेकडो ड्रोन १०९० मेगाहर्ट्झवर बोलायला लागले तर विमानांचं ऐकू येणं बंद होईल.

मोठ्या शहरी डिलिव्हरीत भर आधीच वाटून घेण्यावर आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत डॅलस भागात वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्रोनना नजरेपलीकडे एकाच आकाशात उडायची परवानगी मिळाली ती याच पद्धतीवर: प्रत्येक उड्डाण म्हणजे जागा, उंची आणि वेळ मिळून एक ठोकळा, ठोकळे एकमेकांत घुसत असतील तर उड्डाणाआधीच बदल. युरोपात यू-स्पेसचे, म्हणजे ड्रोनच्या हवाई वाहतुकीचे, नियम २६ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत, आपल्याकडे धोरणाचा आराखडा ऑक्टोबर २०२१ चा. तुम्हाला एवढ्या यंत्रणेची गरज नाही, एक सामाईक तक्ता पुरे. पट्ट्याचे २५० मीटरचे ६ तुकडे आणि १५-१५ मिनिटांच्या खिडक्या. एका खिडकीत एका तुकड्यात एकच ड्रोन, शेजारच्या तुकड्यात असेल तर थर वेगळा. मुदत संपली तरी ड्रोन बाहेर आलेला नसेल तर पुढचा उडत नाही, थांबतो.

तक्त्यात न उडणाऱ्या उंच वस्तूही लिहा. १ ऑक्टोबर २०२५ ला ॲरिझोनातल्या टोलेसनमध्ये दोन डिलिव्हरी ड्रोन एकापाठोपाठ एकाच बांधकामाच्या क्रेनला धडकले. काठावर क्रेन असेल तर सकाळी जाऊन तिची उंची आणि हाताची पूर्ण फेरी मोजा आणि ते अख्खं वर्तुळ बंद करा. सकाळी हात कुठे होता याला दुपारी अर्थ नसतो.

शून्यबिंदू

नजरेच्या टप्प्याबद्दल कोणी बोललं नाही. ३०० मीटरवर डोळ्याला खोली कळत नाही. दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि प्रत्यक्षात १०० मीटर लांब असतात, किंवा लांब दिसतात आणि खरंच चिकटतात. निरीक्षक दोन ठेवा, एक पट्ट्याच्या टोकाला, दुसरा पट्ट्याच्या मध्यावर काटकोनात. दोघांनाही ठिपके जवळ दिसले तरच ते जवळ आहेत. प्रत्येक ड्रोनला वेगळ्या रंगाचा लुकलुकणारा दिवा लावा.

समन्वयक एकच, त्याने स्वतः ड्रोन उडवायचा नाही. वॉकीटॉकीवर शब्द तीनच: «थांबा», «परत», «चालू». «थांबा» ऐकलं की चौघांनी स्टिक सोडायची, मिशनमध्ये असेल त्याने मोड बदलून जागीच थांबायचं. मग एकालाच हलवायचं, वरच्याला, १५ मीटर वर, मात्र त्याच्या डोक्यावर दुसरा थर रिकामा असेल तरच. नसेल तर त्याला आलेल्या वाटेने मागे घ्या. खालच्याला हात लावायचा नाही, त्याच्याखाली तारा आणि झाडं असतात.

वारेमाप

नवा आराखडा: सगळे पात्राच्या पातळीवरून, पॅड ६०-६० मीटरवर. पूल ३० पर्यंत, परतीची उंची २०, पुलाभोवतीच्या दोन तुकड्यांत त्या वेळी दुसरं कोणी नाही. व्हिडिओ ६०, परती ६०. मॅपिंगचे दोन्ही ९० वर, पण पट्ट्याच्या दोन टोकांना, मध्ये किमान एक तुकडा रिकामा. वेग सगळ्यांना ८. क्रेन एक आहे, उद्या मोजतो.

पुन्हा_घरी

६० च्या परतीच्या रेषेत तुमची ती १२ मजली इमारत येत असेल तर चालेल, पात्रापासून ४४ च आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि मोबाइलचा मनोरा धरून पुन्हा मोजा.

आणि व्हिडिओवाल्याला सांगा, ॲपमध्ये घराची जागा रिमोटबरोबर सरकवायची सोय असते, ती वापरायची नाही. तो शूटिंग करत काठाने ४०० मीटर चालत गेला आणि घर बरोबर घेऊन गेला, तर सिग्नल तुटल्यावर ड्रोन तो उभा असेल तिथे उतरेल, बहुतेक दुसऱ्या कोणाच्या तरी विहिरीत.